उंबरवाडीचे दोनशे बारा

मल्लाप्पाअण्णांना या उद्योगातून काय मिळणार, ते मी पहिल्याच दिवशी मनाशी मांडून टाकलं होतं. एक शाल, एक नारळ, तालुक्याच्या पेपरात आतल्या पानावर फोटो आणि जमलंच तर सव्वीस जानेवारीला तहसीलदारांच्या रांगेतली खुर्ची. लॅब टेक्निशियन म्हणून निवृत्त झालेल्या, बायको नसलेल्या, बासष्ट वर्षांच्या माणसाला एवढं पुष्कळ. माझ्या वाट्याला येणार होती एक ओळ, नोकरीच्या अर्जात लिहायला: ‘चार हजार नोंदींचा डेटाबेस एकट्यानं उभा केला.’ इंजिनिअर होऊन दोन वर्षं घरात बसलेल्या, आणि “आज काय आलं का रे?” हे आईनंही विचारायचं सोडून दिलेल्या माणसाला ती ओळ कुठल्याही शालीपेक्षा उबदार होती.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. आमचं गाव कर्नाटकाच्या सीमेवरचं. माणसं बोलतात मराठीत, भांडतात मराठीत, पण मोजायची वेळ आली की निम्मी माणसं कानडीत शिरतात. अण्णा त्यांतलेच. सायकलच्या दुकानावरच्या माडीत त्यांच्या रक्तदाते मंडळाची खोली होती. खालून रबराच्या सोल्युशनचा वास यायचा. टेबलावर वह्यांचा ढीग रचून त्यांनी ढिगावर हात ठेवला.

“चौतीस. बावीस वर्षांच्या. आता तुझ्या त्या पेटीत घाल.”

“पेटी नाही अण्णा, डेटाबेस.”

“तेच ते. रकाने आखून घेतलेस काय?”

“रकाने नाहीत यात. ही नो-एसक्यूएल जात आहे.”

“माझ्याशी मराठीत बोल, लेका.”

मग मी समजावून सांगितलं, की वहीत रकाने आधी आखावे लागतात आणि माणसाला त्यात बसावं लागतं. इथं प्रत्येक माणसाची एक सुटी चिठ्ठी. चिठ्ठीवर हवं ते लिहायचं. एखाद्याच्या चिठ्ठीत चारच गोष्टी असतील, एखाद्याच्या चौदा. डेटाबेस कुरकुर करत नाही, जे द्याल ते घेतो.

“मग तपासतो कोण?”

“कुणी नाही. त्याची एकच अट, चिठ्ठीवरचा मुख्य नंबर दुसऱ्या चिठ्ठीवर नको. मी मोबाइल नंबर धरलाय.”

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. “एका घरात एकच फोन असतो रे खेड्यात. बाईमाणसं नवऱ्याचा नंबर देतात.”

“आता घरटी तीन-तीन फोन आहेत, अण्णा.”

“तुझ्या घरात असतील.”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि अण्णांची मुलगी डबा घेऊन आली. गिरिजा. निपाणीला दिलेली, नवरा शाळामास्तर. तिसरा महिना लागला होता आणि ओकाऱ्यांनी बेजार झाली म्हणून माहेरी आणली होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला कधी सरळ नावानं हाक मारायची नाही.

“काय हो कॉम्प्युटर, आमच्या अण्णांना पास केलंत की नापास?”

“अक्का, बसा. पहिली चिठ्ठी तुमचीच घालतो. चालतंय का बघायला.”

“घाल की.” ती खुर्चीवर बसली. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, फोन लिहिला. “चिठ्ठीत काहीपण लिहिता येतं म्हणालास ना? मग लिही, आवड: कांदाभजी. आणि पुढचं रक्तदान: बाळंतपणानंतर.”

“पोरी, हे चेष्टेचं काम आहे काय?” अण्णा म्हणाले.

“डेटाबेस कुरकुर करत नाही, अण्णा. मी जिन्यातून ऐकलंय.”

मी दोन्ही ओळी लिहिल्या. मग विचारलं, “रक्तगट?”

तिनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी वहीवरचा हात काढून घेतला आणि म्हणाले, “बॉम्बे लिही.”

मला वाटलं गाव सांगताहेत. मग त्यांनी सांगितलं. हजारो माणसांत एखाद्याचं रक्त असं असतं. साध्या तपासणीत ते ओ दिसतं, पण ओ नसतं. त्या माणसाला त्याच जातीचं रक्त लागतं, दुसरं कुठलंही चढवलं तर ते विष. जवळच्या नात्यात लग्नं झाली की असं रक्त जास्त सापडतं. आमच्याकडं मामाची मुलगी करायची रीत, अण्णांनीही केलेली. त्यांची बायको त्या रक्ताची होती आणि गर्भपिशवीच्या ऑपरेशनात गेली तेव्हा गिरिजा सात वर्षांची होती. पुढं पोरीचं रक्त तपासलं तर तेच. त्या वर्षी अण्णांनी पहिली वही घातली. बावीस वर्षं ते गावोगाव शिबिरं घेत होते, चार हजार माणसांचं रक्त घेत होते, ते त्यांतून मूठभर माणसं शोधायला.

“किती सापडली?”

“तीन,” गिरिजाक्का म्हणाली. “माझ्यासकट चार. आमच्या जातीत लग्न जमवायचं म्हटलं असतं तर मी कुवारीणच राहिले असते.”

ती हसली. अण्णा हसले नाहीत. मी मनातल्या मनात शाल आणि नारळ खोडले.

काम चालू झालं. अण्णा वाचायचे, मी टाइप करायचो. नाव, वय, गाव, गट, फोन. पान संपलं की ते थांबायचे, बोटानं ओळी मोजायचे, “ओंदु, एरडु, मूरु…” आणि विचारायचे, “तुझे किती झाले?” मी सांगायचो. आकडे जुळले की पानाच्या तळाला लाल शाईनं आकडा लिहायचे आणि भोवती गोल काढायचे. मगच पुढचं पान. एका पानाला तीस नावं, त्या तीस नावांना अर्धा-पाऊण तास, आणि त्यातली पाच मिनिटं या मोजणीची. मला राग यायचा.

“अण्णा, संगणक मोजतो आपोआप.”

“मोजू दे की. मी त्याला नको कुठं म्हणतोय? मीपण मोजतो.”

फोनचं त्यांचं म्हणणं खरं निघालं. दर चार-पाच पानांना एकाच नंबराची दोन माणसं निघायची. नवरा-बायको, बाप-लेक. दुसरी चिठ्ठी घालायला गेलं की डेटाबेस लाल अक्षरात नकार द्यायचा. मग मी नंबरापुढं ‘दोन’ जोडायचो आणि ती आत जायची. अण्णा प्रत्येक वेळी फक्त “हं” म्हणायचे. त्या “हं”मध्ये पूर्ण एक वाक्य असायचं.

दुपारी गिरिजाक्का डबा आणायची आणि मला छळायची. “लग्नाच्या अर्जात काय लिहिणार रे? चौतीस वह्या टाइप केल्या?” किंवा, “अण्णांच्या जावयापेक्षा तूच जास्त वेळ बसतोस त्यांच्याजवळ. हुंड्यात वह्या घे.” पोट दिसायला लागलं तसा जिना चढताना ती मध्ये थांबायची आणि तिथूनच ओरडायची, “कॉम्प्युटर, डबा न्यायला ये!” मी खाली जायचो. सायकलवाला म्हणायचा, “आला बघा दोन डिग्र्यांचा डबेवाला.” मला एकच डिग्री होती.

डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. हिचं रक्त कमी आहे, बाळंतपण सोपं नाही, दोन पिशव्या तयार ठेवा. डिसेंबरच्या मध्याची तारीख होती. एका माणसाची एकच पिशवी, म्हणजे दोन माणसं हवीत. अण्णांच्या तिघांपैकी एकाला पूर्वी कावीळ होऊन गेलेली, एक सदुसष्ट वर्षांचा. उरला एक, तो बेंगळुरात हॉटेलात कामाला. तो यायला तयार होता.

“दुसरा शोधायचा,” अण्णा म्हणाले. “उंबरवाडीत आशा आहे. तिथं नात्यातच लग्नं करतात.”

उंबरवाडी दवाखान्यापासून नऊ किलोमीटरवर. जुलैत तिथं आम्ही मोठं शिबिर घेतलं. या वेळी अण्णांनी नमुने बाहेरच्या एका मोठ्या लॅबला पाठवले, कारण ती खास तपासणी तिथं स्वस्तात होत होती. सप्टेंबरच्या शेवटी निकाल आला. वही नव्हती. मंडळाच्या ईमेलवर एक तक्ता आला, दोनशे बारा ओळींचा. तो ईमेल उघडणारा माणूस मी एकटाच.

त्या दिवशी दुपारी चारची पुण्याची बस होती. दुसऱ्या दिवशी मुलाखत. दोन वर्षांतली पहिली.

“छापून आण,” अण्णा म्हणाले. “मी वाचतो, तू घाल.”

“अण्णा, हा तक्ता आहे. टाइप करायची गरजच नाही. सगळा गठ्ठा एका दमात आत जातो.”

“एका दमात?”

“एका सेकंदात.”

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मोतीबिंदू झाल्यापासून त्यांना पडद्यावरचं दिसत नव्हतं, तरी पाहत राहिले. मी आज्ञा लिहिली, बटण दाबलं. पडद्यावर लाल ओळ आली. एक नंबर दोनदा. ओळखीची ओळ, शंभरदा पाहिलेली. कुणीतरी दोन जावा असणार, घर एक, फोन एक. ती एक चिठ्ठी राहिली, नंतर ‘दोन’ जोडून घालू, असं म्हणून मी लॅपटॉप मिटला.

“गेले?” अण्णांनी विचारलं.

“गेले.”

“किती?”

“दोनशे बारा.”

“मोजलंस?”

“अण्णा, बस चुकेल माझी.”

त्यांनी पस्तिसावी वही काढली. कोरी होती. पहिल्या पानावर लिहिलं, ‘उंबरवाडी’. मोजायला समोर काही नव्हतं, तरी बोट एकदा पानावरून फिरलं. मग तळाला लाल शाईत २१२ लिहून गोल काढला.

गिरिजाक्का खाली दुकानापाशी उभी होती. तिनं माझ्या हातात कागदाची पुडी दिली. “भजी आहेत. साहेबांसमोर तेलकट हात नेऊ नकोस. आणि नोकरी लागली की पहिल्या पगाराचं काय आणणार?”

“तुम्हाला काय हवंय?”

“बाळाला स्वेटर. थंडीत येतंय बापडं.”

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, “या डेटाबेसमध्ये नोंदी किती?” मी क्षणभरही न थांबता म्हणालो, “चार हजार तीनशे बारा.” वह्यांचे चार हजार शंभर, उंबरवाडीचे दोनशे बारा. असा अचूक आकडा सांगणारी मुलं कमी येतात, असं साहेब म्हणाले. मला नोकरी लागली. ती मागे राहिलेली एक चिठ्ठी घालायची मात्र राहूनच गेली.

ऑक्टोबरच्या मध्याला, मी ऑफिसात जेवत असताना अण्णांचा फोन आला.

“मकरंद, तुझ्या पेटीत शोध. बॉम्बे गटाचे किती?”

मी तिथूनच शोधलं. “चार. अक्का आणि आपले नेहमीचे तीन.”

“उंबरवाडीत?”

“उंबरवाडीत एकही नाही, अण्णा.”

“दोनशे बारांत एकही नाही?”

“नाही. गाव घालून पुन्हा शोधलं.”

“बरं,” ते म्हणाले. “ कोल्हापूर, बेळगाव बघतो. तू जेव.”

मी जेवलो.

नऊ नोव्हेंबरला, पाच आठवडे आधीच, पहाटे तीनला गिरिजाक्काला रक्तस्राव सुरू झाला. बेंगळुरूचा माणूस मिळेल त्या गाडीनं निघाला आणि दुपारी दोनला पोचला. त्याची पिशवी चढली. मुलगी झाली, साडेचार पौंडांची. दुसऱ्या पिशवीसाठी अण्णा चार शहरांना फोन लावत होते. एक पिशवी सोलापुरात आहे असं कळलं आणि तिथून गाडी निघालीसुद्धा. पाच वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी अण्णांच्या हातातला फोन काढून घेतला. तो तेव्हाही वाजत होता.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो. स्वेटर घेतला होता. तो कुणाच्या हातात द्यावा ते कळेना, म्हणून सायकलवाल्याकडं ठेवला.

वर्षानं त्याच तारखेला अण्णांनी शिबिर ठेवलं. शाळेच्या पटांगणात मांडव, आत सहा खाटा. मी सुट्टी काढून आलो होतो आणि दारात नावं लिहून घेत होतो. अण्णा एका वर्षात दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. मांडीवर नात होती. स्वेटर तिला आता तोकडा झाला होता, तरी अंगात घातलेला होता.

साडेअकराच्या सुमाराला एक माणूस आला. पन्नाशीचा, अंगभर पीठ. भुवयांवरसुद्धा.

“बाळगोंडा मगदूम. उंबरवाडीत पिठाची गिरणी हाय माझी.” त्यानं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड काढलं. “साहेब, एक इचारू? माझं रक्त खराब निघालं काय?”

“का हो?”

“न्हाई, गेल्या साली शिबिरात दिलं. मग लॅबचं हे कार्ड आलं. आमच्या गावचे मास्तर म्हणाले, तुझं रक्त लई दुर्मिळ हाय, मंडळ तुला कवाबी बोलवंल, फोन जवळ ठेव. तवापासून ठेवतोय. आंघोळीला गेलो तरी खिडकीत ठेवतोय. वर्स झालं, कुणी बोलवलं न्हाई. म्हटलं, आपणच जाऊन बघावं.”

मी कार्ड पाहिलं. त्यावर गट लिहिला होता. तळाला नंबर, उंबरवाडी, एकशे त्रेचाळीस.

त्याचं लक्ष मांडवातल्या फोटोकडं गेलं. हार घातलेला गिरिजाक्काचा फोटो, खाली तारीख. “ही कोण?”

खाटेवरून उठलेल्या एका बाईनं त्याला सांगितलं. अण्णांची लेक, बाळंतपणात गेली, असलंच कसलंतरी दुर्मिळ रक्त लागत होतं, मिळालं न्हाई.

बाळगोंडानं कार्ड माझ्या हातातून घेतलं. फोटोवरची तारीख पुन्हा वाचली. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, “साहेब, मला फोन आला आसंल. गिरणी चालू आसली की मला ऐकू येत न्हाई. दिवाळीचं दळण होतं. वाजून गेला आसंल, नव्हं?”

मी काहीच बोललो नाही. त्यानं त्याचा अर्थ लावला. मान खाली घालून तो आत गेला आणि बाही वर करून खाटेवर आडवा झाला.

अण्णा दहा पावलांवर होते. त्यांना दिसत कमी होतं, ऐकू सगळं येत होतं. त्यांनी नात शेजारणीकडं दिली आणि मला म्हणाले, “लॅपटॉप आणलायस?”

“हो.”

“चल.”

आम्ही वर्गात बसलो. मी उंबरवाडीच्या चिठ्ठ्या मोजायला सांगितल्या. पडद्यावर आकडा आला.

“किती?”

“शहाऐंशी.”

तेव्हा मला ते कळलं. कळायला काही मोठं ज्ञान लागत नव्हतं. पुण्याच्या ऑफिसात पहिल्याच महिन्यात ते कुणीतरी सांगितलंही होतं, आणि ते सांगत असताना मी मान डोलवली होती. एकदम घातलेल्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी नाकारली गेली की डेटाबेस तिथंच थांबतो. पुढच्यांकडं बघत नाही. बघायचं असेल तर तसं सांगावं लागतं, आज्ञेत दोन शब्द जास्त लिहावे लागतात. सत्त्याऐंशीव्या ओळीला एकाच फोनच्या दोन जावांतली दुसरी होती. तिच्यासकट एकशे सव्वीस माणसं दाराबाहेर उभी राहिली. त्यांत एकशे त्रेचाळीसावा बाळगोंडा.

मी हे सगळं अण्णांना सांगितलं. ते ओरडतील, मारतील, असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी पिशवीतून पस्तिसावी वही काढली, पहिलं पान उघडलं, २१२ वर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी ८६ लिहिलं. भोवतीचा गोल नीट मिटला नाही.

“गिरिजाच्या आईचं रक्त कुणी तपासलं होतं, ठाऊक आहे तुला?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मी. नळीत ओ दिसलं, ओ लिहिलं. पिशवीतलं रक्त तिच्या रक्ताशी जुळवून बघायचं असतं, एक तास लागतो. डॉक्टर म्हणाले घाई करा. मीपण घाई केली.” त्यांनी वही मिटली. “तवापासून मोजतो मी.”

बाहेर नात रडत होती. ते उठले. दारात थांबून म्हणाले, “त्या मगदुमाला सांग. फोन आलाच नव्हता म्हणावं. त्याच्या डोक्यावर नको ते.”

“सांगतो.”

मी मांडवात गेलो. बाळगोंडा खाटेवर डोळे मिटून पडला होता, नळीतून रक्त पिशवीत उतरत होतं. मी त्याच्याजवळ उभा राहिलो. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? फोन आला नव्हता म्हटलं की तो विचारणार, का आला नव्हता. मी त्याला बिस्किटाचा पुडा आणि चहा दिला. तो म्हणाला, “साहेब, आता गिरणी चालू आसंल तवा बायकोला फोन घेऊन भाइर बसवतो. पुन्यांदा आसं हुयाचं न्हाई.”

संध्याकाळी मांडव उतरवताना अण्णांनी विचारलं, “सांगितलंस?”

“सांगितलं.”

त्यांनी मोजून घेतलं नाही. तेवढं एकदाच.

उरलेल्या एकशे सव्वीस चिठ्ठ्या मी त्याच आठवड्यात घातल्या. एकेक, हातानं, अण्णांसारखं ‘ओंदु, एरडु’ मोजत. अण्णा तीन वर्षांनी गेले. मंडळ आता जावई चालवतो, डेटाबेस मीच सांभाळतो. पहिली चिठ्ठी अजून तिथंच आहे. नाव गिरिजा, गाव निपाणी. आवड कांदाभजी. पुढचं रक्तदान, बाळंतपणानंतर. डेटाबेस कुरकुर करत नाही.

बाळगोंडाला आत्तापर्यंत पाच वेळा बोलावलं. पाचही वेळा तो तासाभराच्या आत हजर होता, भुवयांवर पीठ घेऊन. त्याची बायको अजून गिरणीबाहेर दगडावर फोन धरून बसते. गेल्या दिवाळीत मी पीठ आणायला गेलो तेव्हा ती म्हणाली, “यांना झोपेत बी फोन वाजल्यागत होतंय हो साहेब. उठून बघत्यात.”

आता कुणी किती भरलं ते. गिरिजाक्कानं होतं तेवढं सगळं. पोरीनं आई. अण्णांनी दोनदा, बायको आणि लेक. बाळगोंडानं रक्ताच्या पाच पिशव्या आणि नऊ वर्षांची झोप, त्याच्याकडं काहीही निघत नसताना.

माझ्याकडून एक स्वेटर.